असू दे, लागेल कधीतरी!

आमच्या घरात एखादी वस्तू काढून टाकण्याचा ठराव आजवर एकदाही बहुमतानं मंजूर झालेला नाही. माळ्यावर टीव्हीचं खोकं आहे. त्यातला टीव्ही जाऊन सहा वर्षं झाली. श्रीखंडाचे रिकामे डबे इतके आहेत की ते भरायचे म्हटले तर गावजेवण घालावं लागेल. एक स्टोव्ह आहे. त्याला घालायला रॉकेल मिळेनासं झालं, पण त्याची पिन मात्र काडेपेटीत जपून ठेवलेली आहे. यातल्या कुठल्याही वस्तूला हात लावला की कुठल्या ना कुठल्या खोलीतून आवाज येतो, "असू दे, लागेल कधीतरी!"

इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. श्रीखंडाचा डबा काही खायला मागत नाही. पण २०२५ च्या पावसाळ्यानंतर या 'असू दे' पंथानं थेट आमच्या मोटारीवर हक्क सांगितला, आणि तेव्हा मला लेखणी उचलावी लागली. बँकेतली लेखणी दोरीनं बांधलेली असते. ती दोरी तोडून घरी आणण्याइतका हा विषय गंभीर आहे, एवढं वाचकांनी लक्षात घ्यावं.

मोटार आम्ही हौसेनं घेतलेली नव्हती. मी कोथरूडला राहतो. माझी शाखा घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर पंचवीस. मोटार लागावी असं माझ्या आयुष्यात काहीही नव्हतं. मग आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, सकाळी सहाची पाळी. पहाटे साडेपाचला ऐंशीच्या माणसाला दंडाला धरून कोपऱ्यावर उभं राहायचं. रिक्षावाला "तिकडं नाय जात" म्हणून जायचा. मोबाईलवर बोलावलेली टॅक्सी "दोन मिनिटांत" असं सांगत सतरा मिनिटं नकाशावर घिरट्या घालायची आणि मग रद्द व्हायची. जाताना निदान माणूस उभा तरी राहतो. येताना त्याचा पिळलेला टॉवेल झालेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही मोटार घेतली.

आप्पा पुढच्या सीटवर बसायचे. पोस्टात पस्तीस वर्षं सायकलवर काढलेला माणूस, त्यामुळं रस्त्याची जबाबदारी आपल्यावरच आहे अशी त्यांची समजूत होती. प्रत्येक सिग्नल ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. "लाल आहे." "हिरवा झाला." असं सत्तावन्न फेऱ्या चाललं. मोजल्यात मी, मोजणं हा माझा धंदाच आहे. जुलै २०२५ मध्ये आप्पा गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मोटार खाली पार्किंगमध्ये उभी राहिली. काट्यावर किलोमीटर फक्त २,३००. आतल्या सीटांचा नवा वाससुद्धा गेलेला नव्हता.

उभी मोटार हा काय प्रकार आहे, हे ज्यांच्याकडं धावती मोटार आहे त्यांना कळायचं नाही. महिन्याभरात तिची बॅटरी उतरली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आठवड्यातनं एकदा वीसेक मिनिटं फिरवत जा. एकाच जागी उभी राहिली तर टायरलापण त्रास होतो." म्हणून दर रविवारी सकाळी मी आणि सौ. नटूनथटून मोटारीला फिरवून आणू लागलो. लोक कुत्र्याला नेतात, आम्ही मोटारीला न्यायचो. कुत्रा निदान आपला खांब आपण शोधतो. इथं जायचं कुठं, हेही आम्हालाच ठरवावं लागे. गरज नसताना चतुःशृंगीचं दर्शन आणि भूक नसताना मिसळ, असे दोन महिने गेले. मग उंदीर आले. त्यांनी वायर कुरतडू नये म्हणून इंजिनात तंबाखूची पुरचुंडी बांधा, असं सोसायटीच्या वॉचमननं सुचवलं. बांधली. वायरी वाचल्या की नाही ते माहीत नाही, पण पुरचुंडी दर आठवड्याला संपायची. आमच्या पार्किंगमधले उंदीर त्या काळात फार प्रसन्न दिसत.

शेवटी एका रात्री जेवताना मी म्हणालो, "मोटार विकून टाकू या." त्या वाक्यानं 'असू दे' पंथाचे सारे महंत एकेक करून आमच्या दिवाणखान्यात जमा झाले. आता त्यांचा एकेक मुद्दा घेऊन मी त्याचा समाचार घेणार आहे. समोरासमोर घेता आला नाही, कारण ते चहाला आले होते.

पहिले महंत आमचे खालच्या मजल्यावरचे काका. ते म्हणाले, "अरे वेड्या, गाडी म्हणजे ॲसेट आहे!" काकांनी हा शब्द असा उच्चारला की मोटारीला खाली पालवी फुटली असावी. मी बी.कॉम. आहे. बी.कॉम.ला आम्हाला घसारा नावाचं प्रकरण होतं. त्यातल्या एका पद्धतीचं नावच 'ऱ्हासमान शेष पद्धत' असं होतं; परीक्षेत ते लिहितानाच निम्मा ऱ्हास व्हायचा. मोटारीचा विमा काढताना तिची किंमत कशी धरतात ते काकांनी एकदा बघावं. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा. वर्षापर्यंत १५. दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. यात 'गाडी चालवली असल्यास' अशी अट कुठंही नाही. म्हणजे मोटार काश्मीरला जाऊन आली तरी तेवढंच, आणि काकांच्या स्कूटरशेजारी उभी राहिली तरी तेवढंच. माझ्या मोटारीची मूळ किंमत ७ लाख. त्यावर रस्ता-कराचे ११ टक्के, म्हणजे ७७ हजार. विमा ३५ हजार. एकूण ८ लाख १२ हजार. यातले कराचे आणि विम्याचे पैसे मोटार दाराशी येण्याआधीच गेले. आणखी वर्षभर 'असू दे' म्हटलं की ७ लाखांचं आणखी वजा होत जाणार. ही मालमत्ता असेल, तर बर्फाच्या लादीलाही मालमत्ता म्हणायला हरकत नाही.

दुसरा महंत माझा मेहुणा. तो हिशेबी आहे, म्हणजे दुसऱ्याचा हिशेब त्याला लगेच कळतो. तो म्हणाला, "भाऊजी, आत्ता विकलीत तर केवढं नुकसान! सप्टेंबरात सरकारनं जीएसटी कमी केला. नवीच गाडी स्वस्त झाली. तुमची जुनी कोण घेणार?" त्याची माहिती खरी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पार्किंगमध्ये मुकाट उभ्या असलेल्या माझ्या मोटारीचे त्या एका रात्रीत साठेक हजार रुपये गेले. उंदरांनासुद्धा हे जमलं नव्हतं.

पण त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. "भाव पडला, आता थांबा" असं सगळे म्हणतात. कशासाठी थांबायचं? मोटार म्हणजे काही सोनं नव्हे की पुढच्या दसऱ्याला चढेल. गेलेले पैसे गेलेले आहेत. मी मोटार विकली तरी गेले आणि विकली नाही तरी गेले. याला बुडीत खर्च म्हणतात. आमच्या मध्यमवर्गाचं सारं आयुष्य या बुडीत खर्चाच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसण्यात जातं. तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून रटाळ नाटक शेवटपर्यंत बघायचं. फी भरली आहे म्हणून मुलाला गळा नसताना गाणं शिकवायचं. 'विकलं की नुकसान होतं' ही समजूतच चूक आहे. नुकसान होऊन गेलेलं असतं. विक्रीच्या दिवशी फक्त त्याची नोंद होते. नोंद केली नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं समजणाऱ्यांना आम्ही बँकेत दरवर्षी मार्च महिन्यात भेटतो.

उलट न विकण्याचा खर्च मेहुण्यानं धरलाच नव्हता. तो मी धरला. कर्ज पाच लाखांचं, सात वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी; हप्ता ८,०४५ रुपये. त्यातलं नुसतं व्याज महिन्याला सुमारे ३,४००. विम्याचे १,०००. पहाटे येऊन मोटार पुसणाऱ्याचे ६००. तिच्यावर धुळीखेरीज काही नसे, तरी. सोसायटीचे पार्किंगचे ३००. झाले ५,३००. घसाऱ्याचे महिन्याला आठ हजार धरले तर १३,३००. महिन्यातून चार रविवार मिसळ खायला जायचं. म्हणजे मिसळीची एक फेरी ३,३२५ रुपयांना पडली, आणि त्यात जादा पाव धरलेला नाही.

तिसरे आमचे हेडकॅशियर. त्यांचा मुद्दा नाजूक होता. जरा पुढं वाकून, नोटा मोजताना लावतात तसा खालचा आवाज लावून ते म्हणाले, "लोक काय म्हणतील? हप्ते झेपले नाहीत म्हणतील." या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही, कारण लोक तसं म्हणालेच. पण मी तेवीस वर्षं काउंटरवर बसतो. लोकांची प्रतिष्ठा कुठं असते ते मला रोज दिसतं. रुबाबात किल्ली फिरवत येणाऱ्याच्या पासबुकात किती शिल्लक आहे, आणि चप्पल शिवून घातलेल्या आजीबाईंच्या ठेवी किती आहेत, हे सांगायला मला बंदी आहे. पण हसायला नाही. खाली उभी असलेली मोटार लोकांना दिसते. तिच्या कर्जाचा बोजा फक्त आपल्याला दिसतो. लोकांना दिसावं म्हणून आपण महिन्याला तेरा हजार द्यायचे, हा नाटकाचा धंदा झाला. आणि तिकीटविक्री शून्य.

चौथा मुद्दा सर्वांचाच होता. "रात्री-अपरात्री लागली तर?" ऐकायला हा मुद्दा मजबूत वाटतो. पण रात्री-अपरात्री मोटार कशाला लागणार? कुणाच्या तरी छातीत दुखायला लागलं तर. ते माझ्याच छातीत दुखलं, तर मोटार चालवणार कोण? सौ.च्या दुखलं, तर हात थरथरत असताना मी चालवायची? मी शांत डोक्यानं दिवसा चालवतो तेव्हाही मागचे लोक हॉर्न वाजवतात. अशा वेळी १०८ नंबर फिरवायचा असतो. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पार्किंग लागत नाही.

असे चारही महंत चहा-पोह्यांसह मी मनातल्या मनात गारद केले. पाचवा मुद्दा मात्र राहिला. तो सौ.नं मांडला, आणि चहाला कुणी नसताना मांडला.

ती म्हणाली, "अहो, आप्पांची आठवण आहे ती."

याला घसाऱ्याचा तक्ता चालत नाही. त्या रात्री मी खाली जाऊन मोटारीत बसलो. काहीतरी विसरलंय असं घरात सांगून गेलो होतो. पुढची डावी सीट अजून मागं सरकवलेली होती. आप्पांना पाय लांब करायला लागायचे. मागच्या बाजूला त्यांची छत्री होती. मी बराच वेळ बसलो. मोटारीनं बरंच व्याज खाल्लं असेल त्या वेळात.

आणि तिथं बसल्या बसल्या मला त्यांची सायकल आठवली. आप्पा २००३ मध्ये निवृत्त झाले. सोमवारी त्यांनी सायकल पुसली, चेनला तेल दिलं आणि पोस्टात नव्यानं लागलेल्या एका पोरसवदा पोस्टमनला तीनशे रुपयांना देऊन टाकली. रीतसर पावती करून. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि मला फार राग आला होता. मी म्हणालो होतो, "आप्पा, असू द्यायची होती. लागली असती कधीतरी." होय वाचकहो, या पंथाचा मी स्वतः जुना सभासद आहे. त्यावर आप्पा जे म्हणाले ते मी बावीस वर्षं विसरलो होतो. ते म्हणाले, "आपल्याला लागेल तेव्हा बघू. त्याला आज लागतेय."

वर येऊन मी सौ.ला ही गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. जरा वेळानं म्हणाली, "पण पडेल भावाला देऊ नका." ठराव मंजूर झाला. आमच्या घराच्या इतिहासातला पहिलाच.

आता वाटेल की विकण्याचं ठरलं म्हणजे संपलं. छे! जवळजवळ नवी मोटार विकणं हे जुनी मोटार विकण्यापेक्षा अवघड आहे. जुनी विकताना कुणी कारण विचारत नाही. नवी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी मोटारीकडं आणि मग आपल्याकडं संशयानं बघतं. "इतकी नवी, आणि विकताय? ठोकली होती का?" "सिंहगड रोडच्या पुरात होती का?" अहो, तो पूर जुलै २०२४ चा, मोटार डिसेंबरची! "मग इंजिनाचं काही?" जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये नेमक्या याच दुखण्यावर लेख लिहिला. विकणाऱ्याला मोटारीचं खरं-खोटं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं; म्हणून घेणारा सगळ्यांनाच खोटं धरतो आणि चांगल्या मोटारीलाही भाव मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. तो लेख तीन नियतकालिकांनी साभार परत पाठवला होता, हे वाचून मला लेखक म्हणून फार बरं वाटलं. पुढं २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माझी तेवढी अपेक्षा नाही. अमेरिकेत अशा सदोष मोटारीला 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडं मोटार घेतल्याच्या दिवशीच चाकाखाली लिंबू ठेवून चिरडतात. त्यामागं काही अर्थशास्त्र असावं, असं मला आता वाटू लागलं आहे.

मोटारींच्या दलालानं ४ लाख ८० हजार सांगितले, आणि तेही माझ्यावर दया म्हणून. मग मी दलालाचा नाद सोडला. सर्व्हिसिंगच्या पावत्या, विम्याचा कागद, हॉस्पिटलच्या फेऱ्यांची वही, सगळं एका फाईलला लावलं आणि येईल त्याच्यापुढं ती फाईल ठेवली. अकरलॉफच्या रोगावर हेच औषध. नोव्हेंबरात एक तरुण मास्तर आले, सासवडकडचे. त्यांनी फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यांच्याबरोबर चक्कर मारताना मी डाव्या सीटवर बसलो होतो. कर्वे रस्त्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "हिरवा झाला." मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि गिअर टाकला.

५ लाख ४० हजारांना सौदा झाला. बँकेचे ४ लाख ५१ हजार फेडले. बदलत्या दराचं कर्ज असल्यामुळं मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. हे मी काउंटरवर शेकडो लोकांना सांगितलं आहे, पण स्वतःला सांगताना वेगळंच वाटलं. बोजा उतरवायचा फॉर्म ३५, विक्रीचे २९ आणि ३०, सगळे भरले. इथं एक फुकटचा सल्ला देतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊन मोकळं होऊ नका. विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. नाव बदललं नाही आणि पुढं अपघात झाला, तर नुकसानभरपाईसाठी कागदावरचा मालकच धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. मोटार जाईल आणि मालकी राहील, असा 'असू दे' तरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मेहुण्यानं लगेच वजाबाकी केली. ८ लाख १२ हजार वजा ५ लाख ४० हजार. "२ लाख ७२ हजार गेले, भाऊजी!"

मी भागाकार केला. २ लाख ७२ हजार भागिले सत्तावन्न. फेरीला ४,७७२ रुपये. चूक माझी एवढीच होती की मी हा खर्च भांडवली धरून बसलो होतो. तो महसुली होता. ज्यासाठी केला ते मिळालं, आणि तिथंच तो संपला. सत्तावन्न पहाटे माझे वडील कोपऱ्यावर उभे राहिले नाहीत. मेहुण्यानं याला नुकसान म्हणावं. माझ्या वहीत ते खातं जमाखर्च जुळून बंद झालेलं आहे.

मास्तर मोटार घेऊन गेले, तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. किल्ली दिली, कागद दिले, सुट्या चाकाची जागा दाखवली. त्यांनी मागचं दार उघडून विचारलं, "काका, ही छत्री तुमची का?"

ती मी वर घेऊन आलो. दोन काड्या मोडलेल्या आहेत. सौ. म्हणाली, "काढून टाकायची का?"

म्हटलं, असू दे. लागेल कधीतरी.